सशाच्या धमनीने दिलेली साक्ष

वय झाले की रक्तवाहिन्या कठीण होणारच, हा निसर्गक्रम आहे, त्यावर इलाज नाही, अशी विसाव्या शतकाच्या आरंभी वैद्यकविश्वाची पक्की धारणा होती. तिला पहिला जबर धक्का दिला तो रशियन विकृतिशास्त्रज्ञ निकोलाय अनिच्कोव यांनी.

१८८५ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे जन्मलेले अनिच्कोव तेथील लष्करी वैद्यकीय अकादमीत शिकले. त्याच शहरात १९०८ मध्ये इग्नातोव्स्की यांनी सशांना मांस, अंडी व दूध खाऊ घालून त्यांच्या महाधमनीत विकृती निर्माण केली होती. दोष मात्र प्रथिनांच्या माथी मारला. अनिच्कोव आणि त्यांचे तरुण सहकारी सेम्योन खालातोव यांनी ही चूक हेरली. त्यांनी शुद्ध कोलेस्टेरॉल सूर्यफुलाच्या तेलात विरघळवून सशांना दिले. धमन्यांच्या भिंतींत चरबीने फुगलेल्या पेशी साचू लागल्या. मात्रा आणि कालावधी वाढवावा तशी विकृतीही वाढे. १९१३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

त्यांची म्हणावी तशी दखल घेतली गेली नाही. इतरांनी हाच प्रयोग उंदीर व कुत्र्यांवर केला आणि तो फसला. हे प्राणी जादा कोलेस्टेरॉलचे पित्ताम्लांत रूपांतर करून ते सहज बाहेर टाकतात, हा खुलासा नंतरचा. तोवर, गवत खाणाऱ्या सशावरून माणसाचे अनुमान कशाला, असा आक्षेप प्रबळ ठरला. अमेरिकेत जॉन गॉफमन यांनी १९५० मध्ये रक्तातील मेदवाहक प्रथिनांवरील संशोधन मांडले, तेव्हा कुठे या जुन्या कामाकडे लक्ष वळले. दरम्यान जवळपास चार दशके उलटली होती.

मायदेशी अनिच्कोव यांना मान मिळाला. १९४६ ते १९५३ या काळात ते सोव्हिएत वैद्यकीय विज्ञान अकादमीचे अध्यक्ष होते. मात्र, कोलेस्टेरॉल खात्रीने खाली आणणारी स्टॅटिन औषधे त्यांच्या हयातीत आली नाहीत. १९५५ मध्ये निकोटिनिक आम्लाचा गुण लक्षात आला होता. ७ डिसेंबर १९६४ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले.

पुढे जपानच्या अकिरा एंडो यांनी बुरशीतून पहिले स्टॅटिन शोधले, तेव्हा त्यांनाही उंदरांनी चकवलेच; गुण दिसला तो कोंबड्यांत. या गटातील लोवास्टॅटिनला अमेरिकेत १९८७ मध्ये मान्यता मिळाली. सशांच्या त्या प्रयोगाला तेव्हा ७४ वर्षे झाली होती.