पांडुरंग सदाशिव खानखोजे

पांडुरंग सदाशिव खानखोजे (मृत्यू : जानेवारी १९६७, नागपूर) हे विदर्भातील क्रांतिकारक, कृषिशास्त्रज्ञ आणि पीक-सुधारणेचे अभ्यासक होते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उभ्या राहिलेल्या गदर चळवळीच्या आरंभीच्या संघटकांत त्यांची गणना होते. १९२४ पासून पुढे सुमारे तीन दशके त्यांच्या कार्याचे मुख्य क्षेत्र मेक्सिको हे होते. तेथे चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात त्यांनी अध्यापन केले आणि मका व गहू या पिकांवर संशोधन केले. महाराष्ट्रात त्यांची ओळख प्रामुख्याने क्रांतिकारक म्हणून आहे, तर मेक्सिकोत कृषितज्ज्ञ म्हणून. एकाच माणसाची ही दोन चरित्रे बराच काळ एकमेकांपासून अलग राहिली. वास्तविक ती अलग करता येण्याजोगी नाहीत.

पार्श्वभूमी

खानखोजे यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात वर्धा येथे झाला. वर्धा नदी ही त्या काळी मध्य प्रांत व वऱ्हाड यांमधील सीमा होती. नदीच्या पलीकडे आजचा यवतमाळ जिल्हा लागतो. १९०५ पर्यंत त्यास वणी जिल्हा असे नाव होते. दोन्ही काठांवरील काळ्या जमिनीत कापूस व ज्वारी ही मुख्य पिके होती. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात येथील कापसाला परदेशी गिरण्यांची मागणी आली, मागोमाग रेल्वे आली, आणि शेतकऱ्याचे जमाखर्च दूरच्या बाजारभावाशी जखडले गेले. खानखोजे यांच्या शाळकरी वयात, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या वर्षी, मध्य प्रांतात दोन भीषण दुष्काळ पडले. पिकाचे बुडणे आणि माणसांचे मरणे यांचा संबंध त्या पिढीला पुस्तकांतून शिकावा लागला नाही.

शिक्षण वर्धा व नागपूर येथे झाले. विद्यार्थिदशेतच ते लोकमान्य टिळकांच्या प्रभावाखाली आले आणि नागपूरकडील गुप्त क्रांतिकारी मंडळींत वावरू लागले. टिळकांच्या याच प्रभावातून नदीपलीकडील वणीचे माधव श्रीहरी अणे (१८८०–१९६८) सार्वजनिक जीवनात आले. अणे यांनी यवतमाळ येथे वकिली केली, संस्कृत विद्येची उपासना केली, आणि १९३० मध्ये पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून कायदेभंग केला. खानखोजे यांची वाट निराळी होती. लष्करी शिक्षण मिळवावे आणि सशस्त्र उठावाची तयारी करावी या हेतूने त्यांनी देश सोडला. जपानमार्गे ते अमेरिकेस पोहोचले.

अमेरिकेतील शिक्षण व गदर चळवळ

अमेरिकेत त्यांनी दोन विद्यांचा अभ्यास केला. कॅलिफोर्नियातील माउंट तमाल्पाइस मिलिटरी अकादमीत त्यांनी लष्करी शिक्षण घेतले. कृषिशास्त्राचे शिक्षण त्यांनी ऑरेगन राज्यातील कॉर्व्हॅलिस येथे व नंतर वॉशिंग्टन राज्यातील पुलमन येथील कृषी महाविद्यालयांत घेतले. पुलमन येथून त्यांनी १९१३ मध्ये पदव्युत्तर पदवी मिळवली. शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी त्यांनी मिळेल ती मजुरी केली.

त्यांनी निवडलेले शास्त्र तेव्हा कोवळ्या वयाचे होते. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम १९०० मध्ये पुन्हा उजेडात आले होते. १९०५ मध्ये केंब्रिजच्या रोलंड बिफेन यांनी, गव्हाची पिवळ्या तांबेऱ्याला तोंड देण्याची शक्ती याच नियमांनुसार पुढील पिढीत उतरते, असे दाखवून दिले. या शोधाचा व्यावहारिक अर्थ मोठा होता. रोगाला दैवी कोप किंवा हवेचा दोष मानून हात जोडून बसण्याचे कारण उरले नव्हते. रोगप्रतिकारक झाड निवडून, त्याचा उत्तम उतारा देणाऱ्या झाडाशी संकर करून नवा वाण घडवणे शक्य झाले होते. ज्या विद्यार्थ्याने दुष्काळ पाहिला होता त्याने बियाण्याकडे वळावे, यात नवल नाही.

ऑरेगनमधील लाकूड गिरण्यांत त्या वेळी पंजाबी मजूर मोठ्या संख्येने काम करीत. त्यांतील बहुतेक जण मूळचे शेतकरी होते, काही निवृत्त शिपाई. जमिनीवरील कर्ज फेडण्यासाठी ते समुद्र ओलांडून आले होते. पोर्टलँडचे पंडित काशीराम आणि सोहनसिंग भकना यांच्याशी खानखोजे यांचा स्नेह जुळला. १९१३ मध्ये पॅसिफिक किनाऱ्यावरील हिंदी लोकांची संघटना स्थापन झाली. भकना तिचे अध्यक्ष, लाला हरदयाळ सरचिटणीस व काशीराम कोषाध्यक्ष होते. १ नोव्हेंबर १९१३ रोजी सान फ्रान्सिस्को येथून ‘गदर’ हे पत्र निघाले व त्यावरून संघटनेलाही तेच नाव पडले. तिच्या सशस्त्र कार्याच्या बाजूची जबाबदारी खानखोजे यांच्याकडे होती. विद्यार्थी आणि मजूर यांच्यात भाषा, धर्म व शिक्षण यांचे अंतर असतानाही हे ऐक्य घडून आले, हे गदर चळवळीचे वैशिष्ट्य इतिहासकारांनी वारंवार नोंदवले आहे. शेतीची भाषा दोघांनाही समजत होती, हे त्याचे एक कारण असावे.

पहिले महायुद्ध सुरू होताच गदरचे शेकडो कार्यकर्ते उठावासाठी भारतात परतले. फेब्रुवारी १९१५ मधील उठावाचा बेत फितुरीमुळे फसला. खानखोजे यांचे सहकारी, तळेगावचे विष्णू गणेश पिंगळे, यांना १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोर येथे कर्तारसिंग सराभा यांच्यासह फाशी देण्यात आले.

इराण, बर्लिन, मॉस्को

खानखोजे त्या सुमारास तुर्कस्तानमार्गे इराणात शिरले होते. मुसलमानी नावे व वेष धारण करून त्यांनी दक्षिण इराणातील टोळ्यांसमवेत ब्रिटिश फौजांविरुद्ध लढा दिला. ते पकडले गेले व निसटले. युद्धानंतर ते बर्लिन येथील भारतीय क्रांतिकारकांच्या वर्तुळात सामील झाले. १९२१ मध्ये वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, भूपेंद्रनाथ दत्त आदींच्या शिष्टमंडळाबरोबर ते मॉस्कोस गेले. परंतु मानवेंद्रनाथ रॉय यांच्या भूमिकेपुढे या गटाचे म्हणणे तेथे टिकले नाही. बर्लिनमध्ये राहण्यातही पुढे अर्थ उरला नाही. भारतात परतण्याची वाट बंद होती.

मेक्सिकोतील कार्य

१९२४ मध्ये खानखोजे मेक्सिकोस गेले. हा देश नुकताच प्रदीर्घ क्रांतीतून बाहेर पडला होता. १९१७ च्या संविधानाने मोठ्या जमीनदाऱ्या मोडून गावांना जमिनी देण्याचे तत्त्व स्वीकारले होते. मेक्सिकोचे एक मंत्री रामोन दे नेग्री हे त्यांच्या कॅलिफोर्नियातील काळापासूनचे परिचित होते. एका जुन्या जमीनदारी वाड्याच्या आवारात भरणाऱ्या चापिंगोच्या कृषी विद्यालयात खानखोजे यांना अध्यापकाची जागा मिळाली. स्पॅनिश भाषा आत्मसात करून ते तेथे वनस्पतिशास्त्र व पीक-सुधारणा शिकवू लागले.

त्यांच्या संशोधनाचा पहिला विषय मका हा होता. मेक्सिको ही मक्याची जन्मभूमी. तेथे शेताच्या बांधावर तेओसिंते नावाचे मक्याचे रानटी भावंड उगवते. दिसायला ते गवतासारखे असते व त्याच्या कणसात मोजके टणक दाणे असतात. अशा रानटी जाती प्रतिकूल हवामानाला आणि रोगकिडीला तोंड देतात, हे जाणून खानखोजे यांनी मका व तेओसिंते यांच्या संकराचे प्रयोग केले. एकाच झाडावर अनेक कणसे धरणाऱ्या मक्याचाही त्यांनी अभ्यास केला. नव्या वाणांवर त्यांनी स्पॅनिशमध्ये लेखन केले. गव्हाच्या बाबतीत उंच पठारावरील थंडी, पाण्याची टंचाई व रोग यांत तग धरतील असे वाण निवडण्यावर त्यांचा भर होता.

गव्हाच्या रोगांत तांबेरा हा सर्वांत दाहक. बुरशीचे बीजाणू वाऱ्यावर शेकडो मैल जातात. खोडापानांवर तांबूस भुकटीचे फोड उठतात, झाडातील रस शोषला जातो आणि दाणा भरण्याऐवजी सुरकुततो. उभे पीक डोळ्यांदेखत काही आठवड्यांत जाते. त्या काळी शेतकऱ्याच्या आवाक्यातील औषध नव्हते. प्रतिकारक बियाणे हाच उपाय होता. तोही कायमचा नव्हे, कारण बुरशी नवनवे प्रकार निर्माण करते आणि कालचा प्रतिकारक वाण आज बळी पडतो. त्यामुळे वाण शोधण्याचे काम प्रत्येक पिढीला पुन्हा हाती घ्यावे लागते.

प्रयोगशाळेतील ज्ञान जमीन कसणाऱ्यापर्यंत जात नसेल तर नव्या जमीन-वाटपाचा उपयोग नाही, असे मानून खानखोजे यांनी शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषी शाळा उभारल्या. त्यांतील एका शाळेला शेतकरी क्रांतीचे नेते एमिलियानो सापाता यांचे नाव होते. बियाणे कसे निवडावे, रोगट झाड कसे ओळखावे, संकर म्हणजे काय, हे प्रौढ शेतकऱ्यांना शेतातच शिकवले जाई. गदरच्या दिवसांत मजुरांच्या वस्त्यांतून हिंडलेल्या संघटकाची सवय येथे उपयोगी पडली, असे म्हणण्यास जागा आहे.

चित्रकार दिएगो रिवेरा आणि छायाचित्रकार तिना मोदोत्ती हे त्यांच्या मित्रमंडळींत होते. मोदोत्ती यांनी त्यांच्या कृषी शाळांची व मक्याच्या प्रयोगांची छायाचित्रे घेतली. १९३० मध्ये त्यांना मेक्सिकोतून हद्दपार करण्यात आले. मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रिवेरा यांनी १९२८ मध्ये रंगवलेल्या ‘आमचा पाव’ या चित्रात मेजाशी बसून पाव मोडणारा पुरुष खानखोजे यांच्या चेहऱ्यावरून घेतलेला आहे. वर्ध्याच्या मुलाचा चेहरा त्या भिंतीवर आजही पाहता येतो.

१९३६ मध्ये त्यांनी बेल्जियन वंशाच्या जान सिंदिक यांच्याशी विवाह केला. त्यांना दोन मुली झाल्या. कन्या सावित्री साहनी यांनी पुढे इंग्रजीत त्यांचे चरित्र लिहिले.

भारतात पुनरागमन

स्वातंत्र्य मिळाले तरी खानखोजे यांचा मार्ग लगेच मोकळा झाला नाही. ब्रिटिश अमदानीतील बंदी कागदोपत्री तशीच होती आणि स्वतंत्र भारताच्या सरकारनेही आरंभी त्यांना प्रवेश नाकारला. पुढे ती अडचण दूर झाली. १९४९ मध्ये ते मध्य प्रांताच्या सरकारच्या निमंत्रणावरून शेतीविषयक समितीच्या कामासाठी नागपुरास आले. या प्रांतात तेव्हा यवतमाळ, अमरावती, अकोला व बुलढाणा हे वऱ्हाडचे जिल्हेही अंतर्भूत होते.

त्यांच्या येण्यापूर्वी थोड्याच काळाआधी, १९४६-४७ च्या हंगामात, मध्य भारतातील गव्हावर तांबेऱ्याची मोठी साथ येऊन गेली होती. आग्रा येथील करमचंद मेहता यांनी त्याआधीच्या दोन दशकांत दाखवून दिले होते, की मैदानातील कडक उन्हाळ्यात हा रोग जिवंत राहत नाही. डोंगराळ भागातील गव्हावर तो तग धरतो आणि तेथून दर हंगामात वाऱ्याबरोबर खाली उतरतो. वऱ्हाडातील कपाशीला मर रोग व ज्वारीला काणी ग्रासत असे. तीस वर्षे ज्या प्रश्नांवर काम केले, तेच प्रश्न घेऊन मायभूमी उभी होती. मात्र मेक्सिकोत त्यांच्यामागे विद्यालय, प्रयोगक्षेत्र आणि जमीन-सुधारणेला बांधलेले सरकार होते; येथे यांपैकी काहीच त्यांच्या वाट्याला पुरेसे आले नाही. त्यांचे भारतातील कृषिकार्य मेक्सिकोतील कार्याच्या तोडीचे झाले नाही, याचा दोष केवळ त्यांच्या वाढत्या वयाला देणे न्याय्य होणार नाही.

नंतरच्या वर्षांत त्यांनी नागपूर येथे कायम वास्तव्य केले आणि मराठीतून आपल्या आठवणी लिहिल्या. गदर चळवळीच्या अभ्यासकांना त्या आजही उपयुक्त ठरतात.

हरितक्रांतीशी संबंध

खानखोजे यांना कधी कधी हरितक्रांतीचे जनक म्हटले जाते. हे विधान जपून घ्यावे लागते. मेक्सिकन सरकार व रॉकफेलर प्रतिष्ठान यांचा संयुक्त कार्यक्रम १९४३ मध्ये सुरू झाला. वनस्पतिरोगशास्त्रात पदवी घेतलेले नॉर्मन बोरलॉग १९४४ मध्ये त्यात दाखल झाले व खोडावरील तांबेऱ्याचा प्रतिकार हेच त्यांचे पहिले उद्दिष्ट होते. बुटक्या गव्हाची जात जपानी ‘नोरिन १०’ या वाणापासून घडवली गेली. तिच्याशी खानखोजे यांचा संबंध जोडता येत नाही. परंतु गव्हाचा रोगप्रतिकारक वाण घडवणे आणि तो लहान शेतकऱ्याच्या हाती देणे हे काम मेक्सिकोत परक्या तज्ज्ञांच्या आगमनापासून सुरू झाले, असेही नाही. बोरलॉग यांचे काम चापिंगोतही चाले आणि त्या विद्यालयात खानखोजे यांनी वीस वर्षे आधी वर्ग घेतले होते. हरितक्रांतीच्या प्रचलित कथनात या आधीच्या पर्वाला फारसे स्थान मिळालेले नाही.

१९६६ मध्ये भारताने मेक्सिकोहून सुमारे १८,००० टन गव्हाचे बियाणे आणले. त्यात ‘लेर्मा रोहो’ हा वाण प्रमुख होता. त्या रब्बीत ते उत्तर भारतातील शेतांत उभे असतानाच, जानेवारी १९६७ मध्ये, खानखोजे यांचे नागपूर येथे निधन झाले.

स्मारक

२०२२ मध्ये लोकसभेचे तत्कालीन अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते चापिंगो येथील कृषी विद्यापीठात खानखोजे यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.