डिझेल नावाचा माणूस

डिझेल म्हटलं की पेट्रोल पंप आठवतो. पण ते एका माणसाचं आडनाव आहे, माहितीये? रुडॉल्फ डिझेल, जन्म १८५८, पॅरिस. म्युनिकमध्ये शिकताना त्याला कळलं, वाफेचं इंजिन कोळशातली जेमतेम दहा टक्के ऊर्जा वापरतं. मग हवाच इतकी दाबायची, की तिच्या उष्णतेने इंधन पेटेल. ठिणगी नकोच! १८९७मध्ये ऑग्सबर्गला जमलं, कार्यक्षमता सुमारे २६ टक्के. १९१२मध्ये डिझेलवरचं 'सेलँडिया' जहाज कोपनहेगनहून बँकॉकला निघालं. डिझेल मात्र कर्जात बुडालेला. २९ सप्टेंबर १९१३च्या रात्री इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून तो नाहीसा झाला. काही दिवसांनी समुद्रात मृतदेह सापडला. आज मिनिटाला जेमतेम शंभर फेरे घेणारी, इमारतीएवढी डिझेल इंजिनं इंधनातली निम्मी ऊर्जा वापरून कंटेनर जहाजं हाकतात.