विल्यम हेन्री साइक्स

कर्नल विल्यम हेन्री साइक्स (२५ जानेवारी, १७९० - १६ जून, १८७२) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातील अधिकारी, निसर्ग-अभ्यासक, संख्याशास्त्रज्ञ व ब्रिटिश संसदेचे सदस्य होते. पुणे जिल्ह्यातील भीमा, मुळा-मुठा व घोड या नद्यांतील माशांचे पहिले शास्त्रीय वर्णन त्यांनी केले.

जीवन

साइक्स यांचा जन्म इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात झाला. १८०४ साली ते कंपनीच्या सैन्यात अधिकारी झाले. भरतपूरच्या वेढ्यात आणि १८१७ मध्ये पेशव्यांविरुद्धच्या खडकी व पुणे येथील लढायांत त्यांनी भाग घेतला. १८२० नंतर चार वर्षे ते युरोपात होते.

दख्खनमधील कार्य

१८२४ मध्ये मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी साइक्स यांची सांख्यिकी प्रतिवेदक म्हणून नेमणूक केली. लोकसंख्या, जमीनधारा, पिके, हवामान व भूरचना यांची माहिती त्यांनी फिरतीवर राहून गोळा केली. १८२९ च्या अखेरीस हे पद रद्द झाले, तरी १८३१ पर्यंत त्यांनी काम पुरे केले. कोळसुंद्याचे वर्णन त्यांनी १८३१ साली, तर दख्खनमधील पक्ष्यांची सूची १८३२ साली प्रसिद्ध केली.

नद्यांतील मासे

दख्खनमधील माशांवरील त्यांचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेने प्रसिद्ध केला. त्यातील जाती १८३९ पासून शास्त्रात नोंदल्या गेल्या. मासा कोणत्या नदीत व कोणत्या गावाजवळ सापडला, हे साइक्स यांनी नमूद केले. मुळा-मुठेतील खुद्री हा महाशीर आणि तत्कालीन लष्करी छावणी असलेल्या शिरूरजवळ घोड नदीत मिळालेला मुसुल्ला ही त्याची उदाहरणे होत. अनेक जातींना त्यांनी स्थानिक बोलीतील नावेच दिली. त्यामुळे नदीकाठच्या मासेमारांची शब्दसंपत्ती प्राणिशास्त्राच्या परिभाषेत टिकून राहिली.

उत्तरायुष्य

१८३३ मध्ये साइक्स कर्नल पदावरून निवृत्त झाले. लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या स्थापनेत त्यांचा सहभाग होता. १८४० मध्ये ते कंपनीचे संचालक व १८५६ मध्ये अध्यक्ष झाले. १८५७ पासून मृत्यूपर्यंत त्यांनी संसदेत ॲबरडीनचे प्रतिनिधित्व केले. लंडन येथे त्यांचे निधन झाले.

महत्त्व

साइक्स यांच्या नोंदी पुणे शहराच्या विस्तारापूर्वीच्या आहेत. पुढे शहराचे सांडपाणी मुळा-मुठेतून रांजणगाव सांडसजवळील संगमात भीमेला मिळू लागले व दौंडमार्गे उजनी जलाशयाकडे वाहू लागले. पाण्यातील सेंद्रिय पदार्थ कुजताना विरघळलेला प्राणवायू खर्च होतो. अशा पाण्यात वाहत्या, स्वच्छ प्रवाहातील जाती तग धरत नाहीत. हे पदार्थ मैलापाण्यातून, कारखान्यांतून, शेतांतून की पानगळीतून आले, हे कार्बन व नायट्रोजन यांच्या प्रमाणावरून आणि त्यांच्या समस्थानिकांवरून ओळखता येते. मात्र नदीने काय गमावले, हे ठरविण्यास जुनी नोंद लागते. साइक्स यांनी पाण्याचे रासायनिक पृथक्करण केले नव्हते. परंतु त्यांची स्थळनिहाय मत्स्यसूची पुण्यातील नद्यांच्या ऱ्हासाच्या अभ्यासात आजही आधारभूत मानली जाते. त्यांनी नोंदविलेल्या काही जाती मुळा-मुठेच्या शहरी पात्रात नंतरच्या अभ्यासकांना आढळल्या नाहीत.