कुलूप करणाऱ्याचा मुलगा

हातबॅटरीत दोन सेल एकामागे एक घातले की दीड आणि दीड मिळून तीन व्होल्टचा दाब मिळतो, हे आपली मुलेही जाणतात. तेच सेल शेजारी शेजारी, धन टोकास धन व ऋण टोकास ऋण असे जोडले, तर दाब दीडच राहतो. मात्र भार दोघांत वाटला जाऊन ते अधिक काळ टिकतात. अशा जोडण्यांतून प्रवाह किती वाहील ह्याचे गणित ज्यांनी मांडले, त्या जॉर्ज सायमन ओहम ह्यांचा परिचय आम्ही वाचकांस करून देत आहोत.

त्यांचा जन्म १७८९ साली जर्मनीतील एर्लांगेन गावी, एका प्रॉटेस्टंट घरात झाला. वडील कुलुपे करीत. ते स्वतःच्या हिमतीवर गणित शिकले व त्यांनी ते मुलांस शिकवले. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आई वारली. विद्यापीठात गेल्यावर चिरंजीव नाच, बिलियर्ड आणि बर्फावर घसरण्याचा खेळ ह्यांतच रमले. वडील संतापले; तीन सत्रांत शिक्षण सुटले. त्या कष्टाळू बापाचा राग आम्हांस तरी समजतो. पुढे स्वित्झर्लंडात मास्तरकी करीत मुलाने अभ्यास चालू ठेवला आणि १८११ साली डॉक्टरेट मिळवली.

१८१७ पासून ते कलोन येथे शिक्षक होते. त्या काळचे विद्युतघट लहरी. प्रयोग चालू असतानाच त्यांचा जोर उतरे. म्हणून ओहम ह्यांनी बिस्मथ व तांबे ह्यांची जोडी घेतली. तिचे एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरे बर्फात ठेवले की दाब स्थिर राही. त्यावरून त्यांना दिसले की प्रवाह दाबाच्या प्रमाणात वाढतो आणि रोधाच्या प्रमाणात घटतो. प्रत्येक घटास स्वतःचाही रोध असतो, हेही त्यांनी हिशेबात धरले. म्हणूनच आखूड, जाड तारेला एकामागे एक कितीही घट जोडले तरी प्रवाह फारसा वाढत नाही. दाबाबरोबर घटांचा रोधही वाढत जातो. तेथे समांतर जोडणीच उपयोगी पडते. लांब, बारीक तारेला मात्र एकामागे एक जोडलेले घटच हवेत.

१८२७ साली हे सारे ग्रंथरूपाने निघाले, पण मायदेशी त्याचे थंडे स्वागत झाले. ओहम ह्यांनी कलोनची नोकरी सोडली आणि बर्लिनमध्ये किरकोळ शिकवण्यांवर काही वर्षे काढली. १८३३ साली न्यूरेंबर्गला जागा मिळाली. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ साली कोपली पदक दिले, तेव्हा कोठे सर्वांच्या नजरा वळल्या. म्युनिक विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे अध्यासन १८५२ साली मिळाले. त्यावर ते दोनच वर्षे बसू शकले.