पाट्यापासून पातं

आमच्या होस्टेलच्या खोलीत एक सुरी आहे. तिच्याने टोमॅटो कापला जात नाही, फक्त चेपला जातो. रात्री बारा वाजता भेळेचा बेत ठरला की कांदा बुक्कीने फोडावा लागतो. या सुरीच्या रागातूनच मी चांगल्या सुऱ्यांबद्दल वाचायला लागले आणि मला बो रँडल भेटला. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या!)

पूर्ण नाव वॉल्टर डोन रँडल. जन्म १९०९, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात. पुढे फ्लोरिडातल्या ऑरलँडो गावी त्याच्या संत्र्यांच्या बागा होत्या. म्हणजे हा ना लोहार, ना आपल्यासारखा इंजिनीअर. सरळ बागाईतदार.

१९३६ साली मिशिगनमध्ये एका तळ्याकाठी त्याला एक माणूस दिसला. तो चक्क सुरीने बोटीचा जुना रंग खरवडत होता. दुसरी कुठली सुरी असती तर धारेचं वाटोळं झालं असतं. हिची धार जशीच्या तशी! ती विल्यम स्केगल नावाच्या कारागिराने हाताने बनवली होती. बोने ती विकत घेतली. आपण असतो तर इथेच थांबलो असतो. बोला मात्र तशी सुरी स्वतः करून बघायची होती.

१९३७ च्या सुमारास त्याने छंद म्हणून सुरुवात केली. पहिल्या सुरीला पोलाद कुठलं? मोटारीच्या स्प्रिंगचं. हे वाचून मी उडालेच, कारण आपल्याकडचे लोहारही ट्रकच्या पाट्याचा कोयता करतात. स्प्रिंगचं पोलाद चिवट असतं आणि त्यात कार्बन पुरेसा असतो. लालभडक तापवून तेलात बुडवलं की ते कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. म्हणून पुन्हा दोनशे अंशांच्या आसपास तापवून थोडं नरम करायचं. जास्त नरम झालं तर धार मुडते, कमी झालं तर तुकडा पडतो. मटेरियल सायन्सच्या पेपरात मी हे चार मार्कांना लिहिलंय. बोने ते हाताने केलं.

त्याच्या सुऱ्या मिटणाऱ्या नव्हत्या. पातं आणि मुठीत जाणारी शेपटी एकाच तुकड्याची, त्यामुळे सांधा नाही आणि निखळायची भीती नाही. कमरेच्या म्यानात राहील अशी चार इंची पात्याची छोटी सुरीही त्याने केली, मासे आणि पक्षी साफ करायला. दुसऱ्या महायुद्धात सैनिक त्याच्याकडे सुऱ्या मागू लागले आणि बागाईतदार जगप्रसिद्ध झाला. पुढे अंतराळवीर गॉर्डन कूपरबरोबर त्याने अंतराळात न्यायची सुरी आखली. १९६१ साली गस ग्रिसमचं लिबर्टी बेल ७ हे यान समुद्रात बुडालं, त्यात अशीच एक सुरी होती. १९९९ मध्ये यान वर काढलं तेव्हा ३८ वर्षांनी ती सापडली. साफ केल्यावर पुन्हा वापरता येईल अशी! ते बघायला बो नव्हता. तो १९८९ मध्ये गेला.

पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच. १९५३-५४ च्या सुमारास बॉब लव्हलेस नावाचा एक तरुण खलाशी न्यूयॉर्कच्या दुकानात रँडलची सुरी मागायला गेला. नऊ महिने थांबावं लागेल असं कळलं. त्याने भंगारातल्या पॅकार्ड गाडीची स्प्रिंग आणली आणि जहाजाच्या स्वयंपाकघरातल्या स्टोव्हवर तापवून स्वतःच सुरी केली. पुढे तोही मोठा कारागीर झाला. स्केगलचं बघून रँडल, रँडलचं बघून लव्हलेस.

म्हणजे बघून करणं वाईट नाही. मग आपण शीटला जीटी मारतो ते काय? खालून दिवा लावून रेघ उतरते, पण ती रेघ तिथे का आहे ते उतरत नाही.

आता कबुली. फर्स्ट इयरला स्मिदी शॉपचा माझा जॉब मी केलाच नव्हता. एका सीनियरचा जुना जॉब घेतला, त्याचा रोल नंबर कानशीने घासला, पॉलिश पेपर मारला आणि सबमिट केला. मार्क चांगले मिळाले. त्याचं तेव्हा काही वाटलं नाही, बो वाचल्यावर वाटलं.

या सेमिस्टरला रीतसर परवानगी काढून, शॉपमधल्या मामांसमोर मी एका जुन्या कानशीची छोटी सुरी केली. पहिलं पातं मी घाईने पाण्यात बुडवलं, टिक् आवाज झाला आणि मधोमध तडकलं. मामा नुसते हसले आणि त्यांनी तेलाचा डबा पुढे सरकवला. दुसरं पातं वाकडं आहे, मूठ हाताला टोचते. पण टोमॅटो कापला जातो. परवाची भेळ त्यावरच झाली.

आणि सर, हे वाचत असाल तर तो फर्स्ट इयरचा जॉब परत करून दाखवायची माझी तयारी आहे. मार्क कापलेत तरी चालतील.