जॉन रूपर्ट फर्थ

जॉन रूपर्ट फर्थ (१७ जून १८९० – १४ डिसेंबर १९६०) हे इंग्रज भाषाशास्त्रज्ञ होते. ब्रिटनमधील सामान्य भाषाविज्ञानाचे पहिले प्राध्यापकपद १९४४ मध्ये लंडन विद्यापीठात त्यांना मिळाले. त्यापूर्वी त्यांनी लाहोर येथे इंग्रजीचे अध्यापन केले होते, ही गोष्ट भारतीय वाचकांना सहसा ठाऊक नसते.

फर्थ यांचा जन्म यॉर्कशरमधील कीथली येथे झाला. लीड्स विद्यापीठातून त्यांनी १९१३ मध्ये एम.ए. केले, तेही भाषेत नव्हे, इतिहासात. १९१५ मध्ये ते भारतीय शिक्षणसेवेत दाखल झाले. पहिल्या महायुद्धातील लष्करी सेवेनंतर, १९१९ ते १९२८ या काळात ते पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते.

१९२८ मध्ये इंग्लंडला परतल्यावर त्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात डॅनियल जोन्स यांच्या ध्वनिशास्त्र विभागात अधिव्याख्यात्याचे पद स्वीकारले. लाहोरमधील प्राध्यापकपदानंतर हे पद कनिष्ठच होते. परंतु भाषेच्या शास्त्रीय अभ्यासाची वाट त्यातूनच मोकळी झाली. याच काळात मानवशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मालिनोव्हस्की यांच्याशी त्यांचा संबंध आला. उच्चाराचा अर्थ तो ज्या प्रसंगी केला जातो त्यापासून वेगळा काढता येत नाही, हा मालिनोव्हस्की यांचा विचार फर्थ यांनी भाषाविज्ञानात आणला. १९३८ मध्ये ते लंडनच्याच पौर्वात्य व आफ्रिकी विद्या संस्थेत गेले. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना अल्पावधीत जपानी शिकवण्याचे अभ्यासक्रम त्यांच्या देखरेखीखाली चालले.

शब्दाचा अर्थ केवळ कोशात शोधू नये, तो कोणत्या शब्दांच्या संगतीत येतो तेही पाहावे, असे फर्थ यांचे प्रतिपादन होते. मराठीतील उदाहरणाने हे सहज कळते. आपल्याला थंडी वाजते, ताप येतो आणि तहान लागते. ही क्रियापदे आपसांत बदलता येत नाहीत, आणि मराठी शिकणाऱ्या परभाषिकाला अडचण येते ती नेमकी येथेच. व्याकरणाचा कोणताही नियम त्याच्या मदतीला येत नाही. शब्दांच्या अशा नेहमीच्या सोबतीला फर्थ यांनी १९५१ च्या एका निबंधात पारिभाषिक स्थान दिले. ध्वनिविचारातही, सुटे ध्वनी मोजत बसण्याऐवजी संपूर्ण अक्षरावर किंवा शब्दावर पसरलेले गुणधर्म पाहावेत, अशी त्यांची भूमिका होती. ती १९४८ च्या निबंधात आली आहे.

फर्थ यांचे लेखन थोडे आणि काहीसे दुर्बोध आहे. १९३० व १९३७ मधील दोन छोटी पुस्तके सामान्य वाचकांसाठी होती. बाकी विचार निबंधांत विखुरलेले राहिले. त्यांतील निवडक निबंधांचा संग्रह १९५७ मध्ये, म्हणजे निवृत्तीनंतर एका वर्षाने, निघाला. संज्ञा काटेकोरपणे न मांडल्याचा दोष जॉन लायन्स आदी टीकाकारांनी दाखवला आहे आणि तो निराधार नाही. सिद्धान्ताची सुसंगत बांधणी पुढे त्यांचे शिष्य मायकेल हॅलिडे यांनी केली. शब्दसंगतीची कल्पना मात्र संगणक आल्यावरच पडताळता आली. जॉन सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखाली बर्मिंगहॅम येथे प्रत्यक्ष वापरातील इंग्रजीचा प्रचंड साठा तपासून तयार झालेला कोश १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला, तो याच विचाराच्या आधारे.