बिनकुलपाची सायकल

पायडल उलटं फिरवलं की ब्रेक लागतो, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. हँडलला ब्रेकच नाही! पहिल्याच उतारावर माझी बोटं हवेत ब्रेक शोधत राहिली आणि मी थेट झुडपात. लागलं काही नाही, पण लेक हसून हसून बेजार झाली. तिला काय, ती आठ वर्षं नेदरलँडमध्ये राहतेय. मी सायकल शिकले साताऱ्यात, तासावर भाड्यानं घेतलेल्या जेन्ट्‌स सायकलवर, आणि लग्नानंतर सुटली ती सुटलीच.

हे सगळं घडलं होखे फेलुवे नावाच्या राष्ट्रीय उद्यानात. ऑटरलो गावाच्या फाटकातून आत शिरलं की पांढऱ्या सायकलींची रांग उभी असते. उद्यानात अशा सुमारे अठराशे सायकली आहेत. एकीलाही कुलूप नाही. हवी ती घ्यायची, हवी तिथे उभी करायची. आपण परत येईपर्यंत ती दुसऱ्या कुणी नेली तर आपण तिसरी घ्यायची. चाळीसेक किलोमीटरच्या सायकलवाटा मोटारींच्या रस्त्यापासून वेगळ्या. मागून हॉर्न नाही की रिक्षावाल्याचं कट मारणं नाही! आधी पाइनचं दाट रान लागतं. मग अचानक झाडं संपतात आणि हेदरच्या खुरट्या झुडपांचं माळरान सुरू होतं. ऑगस्टमध्ये ते जांभळं होतं, अगदी आपल्या कासच्या पठाराची आठवण यावी असं. पूर्वेला डेलन गावाच्या अंगानं गेलं की जमीन ओली होत जाते, मधूनमधून काळ्या पाण्याची डबकी आणि दलदल. मुख्य वाट सोडली की चाकाखाली वाळू करकरते. भीती वाटत होती, पण उतरावंसं वाटेना.

या रानाच्या मधोमध व्हॅन गॉगच्या चित्रांचं जगातलं दुसऱ्या क्रमांकाचं मोठं संग्रहालय आहे. ही करामत एका बाईची. हेलेने क्रोलर-म्युलर तिचं नाव.

हेलेने जर्मन. १८६९ साली एसेनजवळ जन्मली. वडील कोळसा-लोखंडाच्या धंद्यातले बडे व्यापारी. पोर अभ्यासात हुशार, वाचनाचं वेड, पुढे शिकून शिक्षिका व्हायची इच्छा. घरच्यांनी ते मनावर घेतलं नाही. एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न झालं अँटन क्रोलर या डच तरुणाशी. त्याचा भाऊ तिच्या वडिलांच्या कंपनीची रॉटरडॅमची शाखा सांभाळत होता, म्हणजे धंद्याच्या सोयीचं स्थळ! वर्षभरातच वडील वारले आणि कंपनीची सूत्रं सत्तावीस वर्षांच्या जावयाकडे आली. धंदा बापाचा, खुर्ची जावयाची, आणि लेक घरात. हे काही आपल्याला नवीन नाही.

अँटन कर्तबगार निघाला. जहाजं, खाणी, धान्य, सगळीकडे त्यानं हातपाय पसरले. हेलेनेनं चार मुलं वाढवली, मोठी घरं चालवली, पाहुणचार केले. पस्तिशी उलटल्यावर मुलीच्या मागोमाग तीही ब्रेमर नावाच्या कलाशिक्षकाच्या वर्गाला जाऊ लागली. चित्र कसं बघायचं ते तो बायकांना शिकवायचा. तिथे तिला आपलं काम सापडलं. १९०८ मध्ये तिनं व्हॅन गॉगचं पहिलं चित्र घेतलं, तेही रानाच्या कडेचं. तेव्हा त्याला जाऊन अठरा वर्षं झाली होती, नाव होऊ लागलं होतं, पण आजच्या कीर्तीचा पत्ता नव्हता. पुढे तिनं त्याची नव्वदच्या आसपास रंगचित्रं आणि पावणेदोनशेहून जास्त रेखाटनं जमवली.

१९११ साली तिच्यावर जिवावरची शस्त्रक्रिया झाली. वर्षभर आधी ती फ्लॉरेन्सला गेली होती, तिथल्या धनिकांनी कलेसाठी काय करून ठेवलंय ते पाहून आली होती. अंथरुणावर तिनं ठरवलं की यातून उठले तर या चित्रांसाठी घर बांधीन, पुढे सगळ्यांना बघता येईल असं. उठली, आणि वास्तुविशारदांच्या मागे लागली! मीस व्हान डेर रोहनं तर आराखड्याचा खऱ्या आकाराचा नमुना लाकूड आणि कापडात उभा करून दाखवला. बाईंना पसंत पडला नाही. बर्लाहे आला, तोही भांडून गेला. तोवर हेगमधल्या कंपनीच्या इमारतीत तिनं १९१३ पासून संग्रह लोकांना पाहायला खुला केला होता.

हे रान मात्र अँटनचं. त्याला शिकारीचा नाद. १९०९ पासून तो इथली जमीन घेत गेला, कुंपण घातलं, हरणं आणि मेंढ्यांसारखे मूफ्लॉन आणून सोडले. उत्तरेच्या तळ्याकाठी बर्लाहेनं बांधलेला त्यांचा शिकारवाडा अजून आहे, वरून हरणाच्या शिंगांच्या आकाराचा. नवऱ्याचं रान आणि बायकोची चित्रं असं एकत्र आलं. १९२१ मध्ये रानातल्या टेकडीपाशी प्रचंड संग्रहालयाचं काम सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी पैशाअभावी थांबलं. कंपनी कर्जात बुडत चालली होती.

आता चित्रं विकली जाणार हे दिसत होतं. तिनं आधीच, १९२८ मध्ये, संग्रह एका प्रतिष्ठानाच्या नावे करून ठेवला होता. १९३५ मध्ये तो सगळा डच सरकारला देऊन टाकला. अट एकच, याच रानात संग्रहालय बांधायचं. जमिनीसाठी वेगळं प्रतिष्ठान झालं. १९३८ च्या जुलैत मूळ स्वप्नाच्या मानानं अगदीच साधी, बैठी इमारत उघडली, आणि एकोणसत्तराव्या वर्षी हेलेने तिची पहिली संचालक झाली. तिला दीड वर्षही मिळालं नाही. १९३९ च्या डिसेंबरात ती गेली.

एवढं वाचून बाईंच्या पाया पडावंसं वाटेल. पण ती प्रेमळ वगैरे नव्हती. हट्टी, हुकमी. पोटच्या मुलांशी तिचं जमलं नाही. त्यांच्याविषयीची निराशा आणि मनातलं बाकी सारं ती कंपनीतल्या साम नावाच्या, वयानं बऱ्याच लहान सहकाऱ्याला लिहायची, अशी हजारो पत्रं आहेत. आणि शेवटी आईनं सगळं देशाला दिलं.

संग्रहालयामागच्या टेकडीवर नवरा-बायकोची साधीशी समाधी आहे. तिथे बसून आम्ही मायलेकींनी डबा खाल्ला आणि वाद घातला. लेकीचं म्हणणं, मुलांना चित्रांइतकाही वेळ दिला नाही तर कसली थोर! मी म्हटलं, अँटनला कुणी विचारतं का त्यानं मुलांना किती वेळ दिला? ती गप्प झाली, पण पटलं नव्हतं. खरं सांगू, मलाही अर्धंच पटलं होतं. दुपारी पाहिलेली ती सुकलेली सूर्यफुलं डोळ्यांपुढून हलत नव्हती, आणि कुठलीही मुलगी आईचं दार ठोठावत असल्याचं चित्रही.

मी इतकी का भांडत होते, ते तिला ठाऊक नव्हतं. गावातलं माझ्या आईचं दोन खोल्यांचं घर माझ्या नावावर आहे. तिथे मुलींसाठी वाचनालय करायचं माझ्या मनात वर्षभर घोळतंय. लेकीला सांगितलं नव्हतं.

फाटकाशी सायकल उभी केली आणि सवयीनं कुलपासाठी हात गेला. तेवढ्यात एक आजी आल्या, मान हलवून हसल्या आणि माझीच सायकल घेऊन गेल्या. परतीच्या बसमध्ये मी लेकीला घराचं सांगून टाकलं. ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग तिनं विचारलं, पावसाळ्यात ते घर गळतं ना, पुस्तकं ठेवणार कुठे?